मुलांना घेऊन मोठ्या पोकेमॉन टूर्नामेंटला जायचंय, दोन दिवस कसे निभवायचे?

बदामसात

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. मुलगा नऊ वर्षांचा आहे, वर्षभर दुकानातल्या लीगमध्ये पोकेमॉन टीसीजी, म्हणजे पोकेमॉनच्या कार्डांचा खेळ, खेळतोय, चॅलेंज नावाच्या छोट्या दोन-तीन स्पर्धांमध्ये बरा खेळला आणि आता त्याने रीजनलचा, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटचा, हट्टच धरलाय. मी पण खेळतो, म्हणजे सुरू त्याच्यामुळेच केलं पण आता घरात जास्त कार्डं माझीच निघतात, बायको म्हणते मला दोन नाही तीन मुलं आहेत. तर त्याचं नाव ज्युनिअरमध्ये घातलंय आणि माझं मास्टर्समध्ये, म्हणजे मोठ्यांच्या गटात. धाकटी पाच वर्षांची, तिला खेळ येत नाही पण चित्रं आवडतात आणि दादा जाणार म्हटल्यावर ती पण येणारच. बायको रविवारी येईल, शनिवारी मी एकटा दोघांना घेऊन. माझा भाऊ म्हणालाय मी येऊन दोन तास बसतो.

आता प्रश्न असा की हे जमेल का? माझी मॅच चालू असताना धाकटीला शेजारी खुर्चीवर रंगवायला बसवली तर चालतं का? मुलाचे आणि माझे राउंड एकाच वेळी असतात की पुढेमागे? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे तो सगळ्या मॅच हरला तर काय, दुकानात हरला की तो अर्धा तास बोलत नाही, इथे तर शेकडो लोक असणार. बरोबर काय घ्यायचं तेही सांगा. माझे वडील म्हणतात पत्ते कुटायला दोन दिवस लागतात होय, त्यांना काय उत्तर द्यायचं ते मी बघतो.

साठकार्ड

दादा, स्पष्टच सांगतो, शनिवारी तुम्ही खेळू नका. मी हेच केलं होतं आणि अजून पस्तावतोय.

हिशोब बघा. एक राउंड बेस्ट ऑफ थ्री, म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकायचे, घड्याळ ५० मिनिटांचं, वेळ संपली की चालू टर्न (पाळी) पुरा करून वर आणखी ३ टर्न, मग निकाल गोळा करणं, पुढचे पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ते) लागणं, लोकांनी टेबल शोधणं. एक राउंड सव्वा तासाच्या आत आटोपला तर नशीब समजा. मास्टर्समध्ये पहिल्या दिवशी असे आठ-नऊ राउंड होतात, म्हणजे दहा तास कुठेच गेले नाहीत. ज्युनिअरमध्ये मुलं कमी म्हणून राउंड कमी, आणि त्यांचं वेळापत्रक वेगळं पळतं. माझ्या मुलीचा तिसरा राउंड संपला तेव्हा माझा दुसरा चालू होता, तिच्या आणि माझ्या टेबलात अख्खा हॉल. ती जिंकली होती हो. जिंकली ते सांगायला आली तर मी मान वर करून नुसता हसलो कारण मॅच चालू असताना बोलता येत नव्हतं, आणि ती तिथेच दोरीपाशी उभी राहिली वीस मिनिटं. माझं सगळं लक्ष तिच्याकडे, मॅच हरलो ती हरलोच, पण तिचा चेहरा अजून आठवतो.

तुमचा भाऊ दोन तास बसेल म्हणताय, दोन तासांत दोन राउंडसुद्धा होत नाहीत.

आणि धाकटीला शेजारी खुर्चीवर, अहो ते विसरा. टेबलं एकाला एक चिकटून, समोरासमोर माणसं, कोपर हलवायला जागा नसते. शेजारी रिकामी खुर्ची दिसली तर ती दुसऱ्या कुणाचीतरी असते. बऱ्याच ठिकाणी खेळायच्या भागात फक्त खेळाडू सोडतात, बाकीच्यांनी दोरीच्या बाहेर. बघणाऱ्यांना वेगळा पास लागतो का तेही आधीच बघा, मुलांनासुद्धा लागू शकतो, दारात उभं राहून कळलं की दिवसाची सुरुवातच भांडणाने होते.

दोघींची_आई

साठकार्ड यांचं अर्धं पटलं, अर्धं नाही. आईबापाने खेळूच नये असं काही नाही, फक्त मेन इव्हेंट, म्हणजे मुख्य स्पर्धा, खेळू नये. रविवारी बायको येतेय ना, मग रविवारी साइड इव्हेंट खेळा. ते छोटे असतात, सतत सुरू होत असतात, वाटेल तेव्हा सोडता येतात, बक्षीस म्हणून तिकिटं मिळतात आणि ती देऊन काउंटरवरून कार्डांची पाकिटं वगैरे घ्यायची. माझ्या मोठीला मेन इव्हेंटपेक्षा त्या तिकिटांचंच वेड, दिवसभर मोजत बसते.

धाकटीबद्दल सांगते कारण त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. सगळी तयारी खेळणाऱ्या मुलाची आणि हाल न खेळणाऱ्याचे. पाच वर्षांच्या मुलीला हॉलमध्ये बघायला पहिला एक तास खूप असतं, मोठे मोठे पुतळे, स्क्रीन, पिकाचूच्या टोप्या घातलेली माणसं. दुसऱ्या तासाला तिला घरी जायचं असतं. तिला तिची स्वतःची साठ-सत्तर साधी कार्डं एका डब्यात द्या, जी हरवली तरी तुम्हाला काही वाटणार नाही, आणि एक छोटं काम द्या. माझ्या धाकटीचं काम होतं कोल्हे शोधणं, म्हणजे कुणाच्या टोपीवर बॅगेवर प्लेमॅटवर कोल्ह्यासारखा पोकेमॉन दिसला की वहीत रेघ मारायची. एकेचाळीस झाले होते. आणि दर राउंडला एकदा तिला हॉलच्या बाहेर न्याच, उन्हात वाऱ्यात कुठेही, आतला आवाज मोठ्यांचं डोकं उठवतो तर त्यांचं काय.

हरवण्याची भीती खरी आहे. सकाळी निघताना दोघांचा फोटो काढा, म्हणजे आज अंगात काय कपडे आहेत ते फोनमध्ये राहतं, ऐन वेळी शर्टाचा रंग आठवत नाही. मनगटावर तुमचा नंबर लिहा. मुलाला आत गेल्यावर पहिल्यांदा जजचा टेबल दाखवा, मी दिसलो नाही तर इथे येऊन उभा राहा, बाहेर शोधायला जायचं नाही. आणि ते लोकेशन दाखवणारं घड्याळ असेल त्याच्या हातात तर मॅचमध्ये ते चालणार नाही, फोन घड्याळ काहीच नाही, त्यामुळे त्याच्यावर भरोसा ठेवून राहू नका.

महागडा बाइंडर (कार्डं लावायची वही) घरी ठेवा!! हे मोठ्या अक्षरात वाचा. ट्रेड (अदलाबदल) करायला ज्यादा कार्डांचं एक पातळ बाइंडर पुरे, आणि नियम एकच, मला दाखवल्याशिवाय हात मिळवायचा नाही. बहुतेक लोक चांगलेच असतात, एकाने तर माझ्या मुलीला तिचं कार्ड परत दिलं की अगं हे जास्त किमतीचं आहे, आईला विचार. पण एखादा असतोच, जो मोठ्या मुलाशी करणार नाही असा ट्रेड आठ वर्षांच्या मुलाशी करतो.

नानाजज

बरीच वर्षं जज म्हणून उभा राहतोय, त्यात पुष्कळ वेळ ज्युनिअरच्या टेबलांवर गेला. जे सारखं सारखं बघतो तेवढंच लिहितो.

पहिलं, डेक, म्हणजे खेळायचा कार्डांचा गठ्ठा. साठ कार्डं म्हणजे साठ. आदल्या रात्री मुलाने स्वतः मोजायची आणि मग तुम्ही स्पर्धेसाठी दिलेली डेकची लिस्ट हातात धरून एक एक कार्ड ताडून बघायचं. दर वेळी कुणीतरी एकोणसाठ घेऊन येतं, कारण सकाळी लाइनमध्ये मित्राला एक कार्ड दाखवायला काढलं आणि ते खिशात राहिलं. लिस्ट एक आणि डेक दुसराच निघाला की गेम लॉसपर्यंत, म्हणजे न खेळताच एक गेम हरल्याच्या शिक्षेपर्यंत, जाऊ शकतं, नऊ वर्षांच्या मुलाला ते सांगताना मला पण बरं वाटत नाही पण सांगावं लागतं. खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर पण तपासा, स्टँडर्डमधून, म्हणजे या स्पर्धेत चालणाऱ्या कार्डांमधून, दर वर्षी जुनं अक्षर बाद होतं, आणि मुलांच्या डेकमध्ये आवडतं म्हणून एखादं जुनं कार्ड राहून गेलेलं असतं.

स्लीव्ह (कार्डांवरची प्लॅस्टिकची कव्हरं) नवे घाला, पण आदल्या दिवशी, म्हणजे हाताळून जरा बसतात. एकाच रंगाची दोन पाकिटं घ्या, फाटला तर तसाच दुसरा पाहिजे. कोपरा दुमडलेला एक स्लीव्ह म्हणजे पाठीमागून ओळखता येणारं खुणेचं कार्ड, मुलाच्या मनात काही नसलं तरी. चमकणारी कार्डं वाकतात तेही बघा, डेकमध्ये चारच कार्डं वाकलेली असली तर कापताना बरोबर तिथेच डेक तुटतो.

दुसरं, समोरचा मुलगा तुमच्या मुलाचा डेक हातात घेऊन पिसणार किंवा कापणार. तो त्याचा हक्क आहे. घरच्या घरी खेळणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं आणि माझ्या डेकला हात का लावला म्हणून रडारड झालेली मी पाहिलीय. घरी सवय करून घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात वर करून जोरात जज म्हणायला शिकवा. खरंच घरी ओरडून दाखवायला लावा. लाजाळू मुलं समोरचा म्हणेल ते मान्य करतात, मग मॅच संपल्यावर बाहेर येऊन बापाला सांगतात आणि बाप माझ्याकडे येतो, तोवर कार्डं डब्यात गेलेली असतात, मी काय करणार. जजला बोलावणं म्हणजे तक्रार नाही, समोरच्यावर आरोप नाही. आणि जजमुळे वेळ गेला तर वाढवून मिळतो, तो मागायचा. पटलं नाही तर हेड जजकडे अपील करता येतं, पण हेड जजने सांगितलं की विषय संपला.

आता पालकांचं. मॅच चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही, दोन गेमच्या मधे सुद्धा नाही. खोकणं, मान हलवणं, डोळे मोठे करणं, सगळं आम्हाला कळतं. आणि आपल्या भाषेत हळूच सांगितलं तर कुणाला समजतंय असं वाटत असेल तर माझ्यासारखा एखादा जज मागे उभा असतो. चूक दिसली तर टेबलाशी न बोलता जजला गाठायचं, बस्स.

आणि एक गोष्ट जी मुलांना कुणीच सांगत नाही. मॅच बरोबरीत चाललीय आणि वेळ संपला, तर दोन निष्पाप पोरं म्हणतात चल फासा टाकू, ज्याचा मोठा तो जिंकला. हे अजिबात करायचं नाही. निकाल फाशावर किंवा नाण्यावर ठरवणं, किंवा तू हार मान मी तुला कार्डांचं पाकीट देतो, याला थेट डिस्क्वालिफिकेशन (स्पर्धेतून बाद) होऊ शकतं. मुलाला हे आधी सांगून ठेवा कारण त्याला ते चुकीचं वाटणारच नाही, उलट न्यायाचंच वाटेल.

बदामसात

बापरे. फाशाचं खरंच माहीत नव्हतं, आमच्याकडे दुकानात मुलं हे करतात आणि आम्ही कौतुक करतो की भांडले नाहीत!

नाना, एक विचारतो, डेक कुठला द्यावा? त्याला माझा कॉम्बो डेक आवडतो, एका टर्नमध्ये दहा गोष्टी करायच्या असतात, घरी जमतो त्याला, जरा वेळ लागतो इतकंच.

नानाजज

मग देऊ नका. जरा वेळ लागतो म्हणताय तिथेच अडतं. ५० मिनिटांत तीन गेम बसले पाहिजेत. पहिला गेम जिंकला, दुसरा अर्धवट राहिला तर मॅच त्याची, ठीक. पण पहिला हरून दुसरा जिंकला आणि तिसरा अर्धवट राहिला की टाय. जिंकल्याचे ३ पॉइंट, टायचा १. तीन टाय म्हणजे एक विजय, आणि मुलाला वाटतं मी एकही हरलो नाही तरी इतका खाली कसा. सरळ हल्ला करणारा, त्याला अर्ध्या झोपेत खेळता येईल असा डेक द्या. सहाव्या राउंडला तो अर्ध्या झोपेतच असणार आहे.

पूर्वीचा_ज्युनिअर

मी नऊ वर्षांचा असताना पहिली मोठी टूर्नामेंट खेळलो, आता मास्टर्स खेळतो. हरण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, बाकीचं सगळ्यांनी सांगितलंय.

हरून बाहेर आलो की बाबा विचारायचे काय झालं, तू अमुक का नाही खेळलास. चांगल्या मनाने विचारायचे. पण मला आत्ताच पन्नास मिनिटं विचार करून झालेला असायचा, मला पाणी हवं असायचं आणि मूत्राशय फुटायची वेळ आलेली असायची (मॅचच्या मधे जायला भीती वाटायची, मुलाला सांगा की जजला विचारून जाता येतं). एकदा आईच आली होती, तिला खेळ अजिबात कळत नाही, तिने फक्त विचारलं समोरचा मुलगा कसा होता. मी वीस मिनिटं त्याच्याबद्दल बोललो, त्याच्याकडे कासवाचं नाणं होतं, तो कसा मोठ्याने मोजायचा, आणि मग आपोआप माझी चूक पण सांगितली.

अजून एक, स्विस, म्हणजे जोड्या लावायची पद्धत, कशी चालते ते त्याला आधी समजवा. हरलं की बाहेर असं नसतं, हरलेल्याची पुढची मॅच हरलेल्याशीच लागते. म्हणजे दोन हरलात की समोर पण दोन हरलेला येतो, तिथे जिंकायची शक्यता वाढते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी दुसऱ्या हारीनंतर ड्रॉप करतो (स्पर्धा सोडतो) म्हणून बसलो होतो. आणि खरंच नको असेल तर ड्रॉप करू द्या, पण राउंडच्या मधे शांत झाल्यावर विचारा, टेबलावरून उठल्या उठल्या नाही.

साठकार्ड

हे कासवाच्या नाण्याचं एकदम पटलं.

सामानाचं राहिलं म्हणून टाकतो. पाणी, बोटांना तेल लागणार नाही असं सुकं खाणं, ओले रुमाल, एक स्वेटर कारण हॉल थंडगार असतात, डॅमेजसाठी फासे जरा जास्त कारण ते घरंगळून टेबलाखाली जातात आणि मग सापडत नाहीत, पॉयझन आणि बर्नच्या चकत्या, डेकच्या डब्यावर नाव. बॅग खुर्चीच्या पायात अडकवायची, मागे लटकवायची नाही, गर्दीत बॅगा उचलल्या जातात. आणि परतीचं तिकीट रविवार संध्याकाळच्या आधीचं काढू नका, चुकून पोरगा कटमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेरीत, गेला तर काय तोंड दाखवाल त्याला.

बदामसात

आलो जाऊन. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगायलाच पाहिजे म्हणून लिहितोय, अजून अंग दुखतंय.

माझं नाव आधीच काढून घेतलं. मुलगा सात राउंड खेळला, दोन जिंकला, चार हरला, एक टाय, सात पॉइंट. कटबिट काही नाही. पहिल्या राउंडला त्याच्या हातात चार वेळा बेसिक पोकेमॉनच (ज्याशिवाय सुरुवात करता येत नाही) आला नाही, चार वेळा हात उघडा दाखवून परत पिसायचं, त्याचे कान लाल झालेले मला दोरीपासून दिसत होते. समोरच्या मुलीला तेवढी जादा कार्डं, गेम तिथेच गेला. तिसऱ्या राउंडला तर त्याने समोरचा पोकेमॉन पाडला आणि प्राइझ कार्ड उचलायलाच विसरला. मला दिसतंय! जीभ चावत जज शोधायला पळालो, जज दुसऱ्या टेबलावर, धाकटी माझ्या पाठीवर, आणि आम्ही परत येतो तर समोरच्या पोरानेच त्याला सांगितलं होतं की अरे तुझं प्राइझ घे. ती मॅच आमचे चिरंजीव हरले, पण त्या पोराबद्दलच दिवसभर बोलत होते. मी तुमच्या सांगण्यावरून दर वेळी फक्त समोरचा कसा होता एवढंच विचारलं, पहिल्या दोन वेळा उत्तर आलं नाही, मग यायला लागलं.

जज म्हणून ओरडला एकदा. इतका जोरात की आजूबाजूची सहा टेबलं थांबली. निकाल त्याच्याच विरुद्ध गेला हा भाग वेगळा.

रविवारी बायको आली, मी दोन साइड इव्हेंट खेळलो, दोन्हीत सडकून मार खाल्ला, तिकिटं मुलाने काढून घेतली. धाकटीने कोल्ह्यांऐवजी ड्रॅगन मोजले, त्रेसष्ट, त्यातले काही मला ड्रॅगन वाटले नाहीत पण मी वाद घातला नाही.

चूक एकच झाली, स्लीव्हचं दुसरं पाकीट घरी राहिलं आणि पाचव्या राउंडला एक फाटला. नाना, तुम्ही म्हणाला होतात तसाच रंग तिथल्या स्टॉलवर मिळाला पण तो किंचित गडद निघाला, मग साठच्या साठ बदलायला लागले, बारा मिनिटांत, तिघांनी मिळून जमिनीवर बसून. धाकटीने सात घातले, त्यातले दोन उलटे.

दोघींची_आई

ते दोन उलटे मॅचच्या आधी सापडले ना?

बदामसात

एक सापडला 😅 दुसरा त्याच्या पहिल्याच हातात आला. आणि त्याने स्वतःच जजला बोलावलं.